बिऱ्हाड चाकांवर : घर सोडण्याआधीचा हिशेब

वाचकहो, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. ज्याला धड ठावठिकाणा नाही, आज इथे तर उद्या तिथे, अशा माणसाबद्दल बोलताना ही म्हण आपल्या तोंडी येते आणि तीत थोडी कीवही असते. अमेरिकेत मात्र आज हजारो माणसे, कोणी हौसेने तर कोणी नाइलाजाने, आपले बिऱ्हाड चाकांवर घालून निघाली आहेत. भाड्याचा फ्लॅट सोडायचा, सामान विकून टाकायचे, एक व्हॅन घ्यायची, तिच्यात पलंग आणि शेगडी बसवायची आणि बारा महिने तिच्यातच राहायचे.

निघण्यापूर्वी या प्रत्येकाला एक हिशेब करावा लागतो. तो आज तुमच्यापुढे मांडतो. शेती करणाऱ्या घराला तो चटकन कळेल, कारण त्याची गाठ शेवटी बियाण्याच्या पोत्याशी जाऊन पडते. कशी, ते पुढे येईलच.

एक बाई आणि एक पत्र

समजा, ६८ वर्षांच्या एक बाई आहेत. नाव-गाव काही धरू नका. मुद्दा समजावा म्हणून त्यांना उभे केले आहे. नवरा वारलेला, मुलगी दूरच्या राज्यात संसार करते आणि तिचेच घर अपुरे. बाईंना सरकारी निवृत्तिवेतन महिना १,९०० डॉलर मिळते. २०२४ च्या सुरुवातीला निवृत्तांना मिळणारी सरासरी रक्कम साधारण तेवढीच होती. घरभाडे १,२०० डॉलर. एवढे भाडे तिकडे फार समजू नका. २०२३ साली त्या देशातले मधले भाडे १,४०० च्या आसपास होते.

भाडे, शंभराची वीज आणि जुन्या मोटारीचे पेट्रोल-विमा मिळून दोनशे वजा केले की बाईंच्या हाती ४०० उरतात. अन्न, औषध आणि फोन यांना ४५० लागतात. म्हणजे आत्ताच ५० कमी पडतात. अशात घरमालकाचे पत्र येते : करार संपत आला आहे, पुढच्या वर्षी भाडे १,३५०. साठ दिवसांत कळवा.

बाईंच्या गाठीला १८,००० डॉलर आहेत. शेजारी कोणी सांगते, चांगल्या स्थितीतली जुनी व्हॅन सजवून १२,००० पर्यंत मिळेल. भाड्याची कटकटच संपेल. बाई टेबलाशी बसून विचार करतात. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय कराल?

जाणारे दोन प्रकारचे

आधी हे लोक कोण ते पाहू. एक वर्ग तरुणांचा. संगणकावर काम, त्यामुळे कुठूनही नोकरी चालते. डोंगर-समुद्र बघत हिंडण्याची आवड. आणि कंटाळा आला तर परतायला आईबापांचे घर. त्यांची व्हॅन नवी कोरी, पन्नास हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची असू शकते. दुसरा वर्ग भाड्याने, आजाराने किंवा कामधंदा गेल्याने बाहेर ढकललेल्यांचा.

नेवाडा राज्यात एम्पायर नावाचे एक गाव होते. जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेले, घरेही कंपनीच्याच मालकीची. २०११ साली कारखाना बंद झाला आणि गाव रिकामे झाले. टपालाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी अशा फिरत्या वयस्क माणसांबरोबर राहून २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि साऱ्या जगाचे तिकडे लक्ष गेले.

पडद्यावर वाळवंटातला सूर्यास्त सुंदर दिसतो. पण तिथे राहणाऱ्याला सूर्यास्तानंतरची रात्रही काढायची असते.

बारा फूट लांब, सहा फूट रुंद

मोठ्या व्हॅनची मागची जागा साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद भरते. बैलजोडीच्या गोठ्याएवढी म्हणा ना. त्यात पलंग, त्याखाली कपडे, एका बाजूला शेगडी आणि भांडी. छतावर सूर्यप्रकाशावर वीज करणारी तावदाने, आत बॅटरी. दिवा, पंखा, फोन आणि छोटा फ्रिज यांवर चालतात. थंडीच्या प्रदेशात रात्रभर खोली तापवण्याएवढी वीज त्यातून निघत नाही.

पाण्याची टाकी ७५ लिटरची धरली, तर दिवसाला दहा लिटरप्रमाणे आठवडा जातो. स्वयंपाक, पिणे, भांडी, तोंड धुणे, सगळे त्या दहा लिटरांत. लांबून कळशीने पाणी आणणाऱ्या आपल्या मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको. अंघोळीसाठी बरेच जण व्यायामशाळेची वर्गणी भरतात, कारण तिथे गरम पाण्याची सोय असते. शौचासाठी झाकणाचे भांडे गाडीत ठेवायचे आणि नेमून दिलेल्या जागी रिकामे करायचे.

थंडीत दारे-खिडक्या लावून झोपले की श्वासातली वाफ पत्र्यावर गोठते, सकाळी गादी ओली लागते आणि काही आठवड्यांत बुरशी धरते. म्हणून हिवाळ्यातही झरोका उघडा लागतो. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणे तर जिवावरचे काम. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपलेली माणसे आपल्याकडेही दगावतात. तोच वास नसलेला विषारी वायू तिथेही जीव घेतो.

रात्री गाडी उभी कुठे करायची?

पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी मालकीची अफाट मोकळी जमीन आहे. तिथे बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस फुकट राहता येते, मग हलावे लागते. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाजवळ १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांब मुक्काम करण्याची सोय आहे. सबंध मोसमाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर राहिले. हिवाळ्यात तिथे गाड्यांची जत्राच भरते. बॉब वेल्स हे गृहस्थ १९९५ साली घटस्फोटानंतर एका मालवाहू व्हॅनमध्ये राहू लागले. २०११ साली त्यांनी या वाळवंटात एक मेळावा सुरू केला. नवखे लोक तिथे जुन्या-जाणत्यांकडून गाडी कशी लावावी, पाणी कसे पुरवावे हे शिकतात.

पण वाळवंटात दवाखाना नाही, नातवंडे नाहीत आणि उन्हाळ्यात तिथे राहवत नाही. शहरात यावे तर बऱ्याच नगरपालिका गाडीत झोपायला मनाई करतात. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याचा शहरांचा अधिकार मान्य केला. तेव्हापासून धास्ती वाढली. काही गावांनी याउलट माणुसकीची वाट धरली. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे २००४ पासून ठरावीक आवारांत रात्री सुरक्षित गाडी लावू देण्याची व्यवस्था आहे.

पत्ता नावाची वस्तू

घर सोडताना माणूस भिंती मोजतो आणि पत्ता विसरतो. गाडीचा विमा, वाहन परवाना, बँक, मतदान, औषधोपचार, सगळ्याला पत्ता लागतो. कामासाठी गाव सोडून गेलेल्यांना हे चांगले ठाऊक आहे. रेशनकार्ड एका गावचे आणि चूल दुसऱ्या गावी, यातले हाल त्यांनी सोसले आहेत. अमेरिकेत फिरत्या लोकांसाठी टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या संस्था आहेत. दक्षिण डाकोटा राज्यात अशा संस्थेचा पत्ता आणि एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवली की परवाना मिळत आला आहे. मतदानासाठी मात्र २०२३ साली तिथे ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली गेली.

बीटचा हंगाम

पोटापाण्याचे काय? इथे तुमच्या ओळखीची गोष्ट येते. मिनेसोटा आणि उत्तर डाकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. तिथे उसाऐवजी बीटची साखर होते. तिथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १९७३ साली विकत घेतली आणि तिचे कारखाने सहकारी झाले. ऑक्टोबर उजाडला की काढणीची झुंबड उडते. काढणी यंत्राने होते, पण ट्रक उतरवून घेण्याच्या जागी माणसे लागतात : ट्रकला खुणा करून मागे घेणे, नमुने काढणे, यंत्राखालचा चिखल ओढणे. बारा-बारा तासांच्या पाळ्या, दिवस-रात्र. ऊन वाढले तर ढिगात बीट सडते म्हणून काम थांबते. पाऊस आला तरी थांबते. या कामाला गाड्यांत राहणारी पुष्कळ माणसे येतात, साठी उलटलेलीही. त्यांना गाडी लावायला जागा, पाणी आणि वीज पुरवतात.

आपला ऊसतोड कामगार कोयता घेऊन जातो, कारखान्याजवळ कोपी घालतो आणि पट्टा पडला की गावी परततो. त्याचे घर लहान असेल, उचल फिटलेली नसेल, पण पाडव्याला परतायला उंबरा असतो. बीटचा हंगाम आटोपला की त्या म्हाताऱ्या माणसाची गाडी पुढच्या कामाकडे वळते. घर सगळे त्याच्याबरोबरच असते. गाडी बिघडून गॅरेजमध्ये गेली की घरही गॅरेजमध्ये जाते.

आता बाईंचा हिशेब

पुन्हा त्या टेबलाशी येऊ. व्हॅन घेतली तर महिन्याचा अंदाज असा : पेट्रोल २५०, विमा १५०, दुरुस्तीसाठी बाजूला २००, अंघोळ आणि कपडे धुणे ७०, मुक्कामाचे शुल्क ५०, टपालाचे २०. एकूण ७४०. अन्न-औषधाचे ४५० धरूनही महिना सुमारे ७०० वाचतील. व्हॅनचे १२,००० दीड वर्षात वसूल. कागदावर हा सौदा फायद्याचा दिसतो.

आता दुसरी बाजू लिहा. घरात राहिल्या तर वाढीव भाड्याने महिना २०० कमी पडतील, म्हणजे वर्षाला २,४००. दरवर्षी भाडे आणखी १५० ने वाढले असे धरले, तर दुसऱ्या वर्षी ४,२०० आणि तिसऱ्या वर्षी ६,००० कमी पडतील. तिन्हींची बेरीज १२,६००. थोडक्यात, व्हॅनला जे पैसे घालायचे, तेवढ्यात तीन वर्षे घर टिकते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : परत यायचे झाले तर? नवा घरमालक पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत आधी मागणार. ते एकवेळ भरता येईल. पण भाड्याच्या तिप्पट मिळकत दाखवा, अशी अट तिकडे बरेच मालक घालतात. १,३५० ची तिप्पट ४,०५०. बाईंची मिळकत १,९००. म्हणजे आज ज्या घरात त्या राहतात, त्याच घरात नवी भाडेकरू म्हणून त्यांना कोणी घेणार नाही! त्या आत आहेत त्या जुन्या भाडेकरू म्हणून. जुन्या कुळाने वहिवाट सोडली की पुन्हा उभे राहायला जागा मिळत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. तोच प्रकार हा.

यावर उपाय काय? वृद्धांसाठी सरकारी मदतीची कमी भाड्याची घरे तिकडे आहेत. पण त्यांच्या याद्या लांबलचक, नंबर लागायला वर्षे जातात. यादीतल्या माणसाला मध्येच पत्र येते आणि वेळेत उत्तर गेले नाही तर नाव कापले जाते. तेव्हा नाव आजच नोंदवावे, तेही एकीकडे न नोंदवता चार ठिकाणी, आणि पत्र नक्की पोचेल असा पत्ता द्यावा, मुलीचा दिला तरी चालेल. या तीन वर्षांत नंबर लागण्याची आशा धरता येते.

माझे मत विचाराल तर बाईंनी या वर्षी करारावर सही करावी. व्हॅनमध्ये राहण्याची ओढच असेल तर आधी कोणाची तरी गाडी मागून किंवा भाड्याने घेऊन भर थंडीचे पंधरा दिवस काढून पाहावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीतला अनुभव धरू नये. आणि मालकाने घर रिकामेच करायला सांगितले, तर मात्र फूटपाथपेक्षा व्हॅन शतपटीने बरी. तेव्हा संकोच करू नये. पण तेव्हाही सगळे १८,००० गाडीत घालू नयेत. पाच हजार तरी वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि टायर फुटो की इंजिन बसो, त्यांना हात लावू नये.

वाचकहो, ते पाच हजार म्हणजे बियाण्याचे पोते. दुष्काळात कणगी रिकामी झाली, पोरे उपाशी झोपली, तरी आपल्या आजीने ते पोते सोडले नाही. पुढच्या मृगाला पेरायचे आहे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. घर कोणी हौसेने सोडो की नाइलाजाने, अमेरिकेत सोडो की आपल्या तालुक्यात, निघणाऱ्याला थांबवून एवढेच विचारा : परत पेरायला काय ठेवले आहेस?