नोंदीची वेळ कोणी लिहावी?

कामगाराची तक्रार मुदतीत आली की नाही, यावरच पुष्कळदा तिचे भवितव्य ठरते. कागदी नोंदवहीत तारीख मागाहून फिरविलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून संगणकावर तक्रार नोंदताना वेळ माणसाने लिहूच नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेळेच्या रकान्याला 'डिफॉल्ट नाऊ' असे एकदा सांगून ठेवले, की प्रत्येक नव्या नोंदीवर सर्व्हरच्या घड्याळातील वेळ आपोआप पडते. पण एवढ्याने भागत नाही. कोणी स्वतःहून वेळ पुरविली, तर डेटाबेस तीच निमूटपणे घेतो! यास्तव वेब ॲप्लिकेशनला बाकीच्या रकान्यांपुरताच लिहिण्याचा अधिकार द्यावा. मगच ती तारीख मालक व कामगार या दोघांनाही विश्वासाने मानता येईल.