अनुभवाची डॉक्टरेट : मिरवायची की मिळवायची?

गावच्या चौकात अभिनंदनाचा नवा फलक लागतो आणि बचत गटाचे किंवा व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या आपल्या ओळखीच्याच माणसाच्या नावाआधी एकदम ‘डॉ.’ आलेले दिसते. पारावर चर्चा सुरू होते. कोणी विचारतो, “दवाखाना कुठं काढला?” दुसरा म्हणतो, “वीस वर्षं राबलाय माणूस, मिळाली डॉक्टरेट तर काय बिघडलं?” गावात राबणाऱ्याच्या अनुभवाला विद्यापीठाने मान द्यावा, यात वाद नाही. पण तो कोणत्या वाटेने मिळतो हे माहीत नसले, की खिशातले पैसे जातात आणि वर चांगल्या माणसाचे हसे होते.

तीन डॉक्टरेट, तीन अर्थ

पहिली पीएच. डी. विषय घेऊन संशोधन करायचे, प्रबंध लिहायचा आणि तो तज्ज्ञांसमोर टिकवायचा. दुसरी मानद. मान्यताप्राप्त विद्यापीठ एखाद्याच्या मोठ्या कार्याचा गौरव म्हणून ती देते. तिला अभ्यास नाही, परीक्षा नाही. तो सन्मान आहे, शैक्षणिक पात्रता नव्हे. म्हणूनच ती मिळालेल्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत आहे.

तिसरा प्रकार आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही. त्याला व्यावसायिक डॉक्टरेट म्हणता येईल. जो माणूस अनेक वर्षे प्रत्यक्ष काम करतो आहे, त्याने काम न सोडता त्याच कामाचा अभ्यास करून मिळवायची ही पदवी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 2007 साली अनुभवी समाजकार्यकर्त्यांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. ‘डॉक्टर ऑफ सोशल वर्क’ हे तिचे नाव. पुढे इतर विद्यापीठेही त्या वाटेने गेली. 2020 मध्ये तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेने अशा अभ्यासक्रमांसाठी निकष ठरवले. इंग्लंडमध्येही काही विद्यापीठांत ही सोय आहे.

ही पदवी मिळते कशी?

एक उदाहरण घेऊ. घरी हाल होणाऱ्या मुलांसाठी काम करणारी एक कार्यकर्ती आहे असे समजा. तिच्यापुढे रोजचा प्रश्न असतो : मूल त्या घरातून हलवावे, की आईबापांना मदत देऊन तिथेच ठेवावे? हाच तिच्या अभ्यासाचा विषय होतो. या प्रश्नावर आधी कोणी काय लिहिले ते ती वाचते. आपल्या जुन्या नोंदी काढते. घरच्या लोकांची आणि सहकाऱ्यांची संमती घेऊन, नावे झाकून, मुलाखती घेते. जिथे आपला निर्णय चुकला तेही मांडते. शेवटी प्रबंध लिहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देते.

शेतकरी बंधूंनो, ही रीत तुम्हाला नवी नाही. “माझ्याकडे हे वाण चांगलं आलं” असे तुम्ही सांगता, तेव्हा आम्ही विचारतो : जमीन कोणती, पेरणी कधीची, पाणी किती दिले आणि शेजारच्या जुन्या वाणाच्या वाफ्यात काय उतरले? एवढे सांगितले की तुमचा अनुभव शेजाऱ्याच्याही कामाचा होतो. नाही तर तो तुमच्याच बांधापर्यंत राहतो. समाजकार्याचेही असेच आहे.

गडचिरोलीचा धडा

हे फक्त परदेशात जमते असे समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. 39 गावांत गावातल्याच बायकांना बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. तुलनेसाठी 47 गावे वेगळी ठेवली. या आरोग्यदूत बायकांनी बाळाचे वजन, ताप, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. कामाच्या गावांत 1993 ते 1995 या काळात हजार जन्मांमागे 62 नवजात बाळे दगावत होती. 1997-98 मध्ये हा आकडा 25.5 वर आला. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत अशी गृहभेटीची पद्धत देशभर नेली गेली. नुसते “आमच्याकडे बाळं कमी दगावतात” एवढे सांगून हे झाले नसते.

आपल्याकडे वाट कोणती?

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच. डी. करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत त्याची तरतूद आहे. साधारणपणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण लागतात. राखीव गटांना सवलत आहे. नोकरीत असाल तर कार्यालयाचे ना हरकत पत्र लागते. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे. त्याच वर्षी आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजनाही आणली. किमान 15 वर्षांचा, वरच्या दर्जाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न घालता ठरावीक मुदतीसाठी शिकवायला बोलावता येते. समाजशास्त्राची क्षेत्रेही त्यात आहेत. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांना 1989 साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

पैसे मागितले तर सावध

“तुमच्या कार्याची दखल घेतली आहे, नोंदणी शुल्क भरा, अमुक तारखेला सन्मान स्वीकारा” असे पत्र आले तर आधी थांबा. 1956 च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. अकादमी, परिषद, प्रतिष्ठान अशी भारदस्त नावे लावून तो मिळत नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादी संकेतस्थळावर देतो. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ती पाहता येईल. सरपंच आणि ग्रामसेवकांनी सत्काराचा ठराव घेण्यापूर्वी एवढी खात्री जरूर करावी.

आधी वही घाला

पदवी घ्यायची असो वा नसो, अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, पाणलोट समितीचे सचिव यांनी एक साधी वही घालावी. तारीख, अडचण काय होती, काय केले, कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, सहा महिन्यांनी काय दिसले, एवढेच लिहावे. लोकांची खासगी बाब असेल तर नाव लिहू नये. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा या सर्वांना एकत्र बसवून या नोंदी वाचाव्यात.

जुना कार्यकर्ता बदलून जातो किंवा थकतो, तेव्हा गावाने वीस वर्षांत शिकलेले त्याच्याबरोबरच निघून जाते. नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याची किंमत गाव मोजते. वही असेल तर निदान तेवढे तरी वाचेल.