मलब्याची किंमत जागेवरच ठरते

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. या धंद्यात फुकट जाणारी वस्तू शोधूनही सापडत नाही. थानातून उरलेला तुकडा कटपीस म्हणून विकला जातो. शिंप्याकडची कतरन पिंजारी उशीत भरायला नेतात, आणि राहिलेली चिंधी गॅरेजवाले वजनाने घेतात. अट एकच असते. सुती आणि नायलॉन एकत्र झाले, वर माती लागली, की त्याच चिंधीला कोणी हात लावीत नाही. हा हिशेब दुकानात आम्हाला पाठ होता. भिंत पाडताना मात्र तो सुचला नाही.

काही वर्षांपूर्वी चंद्रपुरात आमच्या दुकानामागचे जुने गोदाम पाडून आम्ही नवे बांधले. पाडण्याचे काम ठोक दिले. जेसीबी आला आणि एका दिवसात विटा, काँक्रीट, माती, लाकूड, फरशी यांचा एकच ढीग झाला. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉल्या भरून नेल्या. कोठे नेल्या हे आम्ही विचारले नाही. पुढच्या पावसाळ्यात मागच्या नाल्याचे पाणी गल्लीत शिरले व आमचे गठ्ठे भिजले. पाणी ओसरल्यावर पाहतो तो नाल्यात आमच्याच भिंतीचे हिरव्या रंगाचे तुकडे. शेजारचे एक वयस्क मिस्त्री म्हणाले, "सेठ, कतरनसुद्धा तोलून विकता आणि विटा पैसे देऊन फेकता?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

मुंबईत ज्याला डेब्रिज आणि पुण्यात राडारोडा म्हणतात, तोच आपल्याकडचा मलबा. तो किती निघतो याची आपल्याला कल्पना नसते. केंद्र सरकारच्या 'टायफॅक' या संस्थेच्या अंदाजानुसार नवे बांधकाम करताना दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो, तर इमारत पाडताना ३०० ते ५०० किलो मलबा निघतो. म्हणजे हजार चौरस फुटांचे घर पाडले तर सुमारे २८ ते ४६ टन माल बाहेर पडतो. हा माल जातो कोठे? चंद्रपुरात नाल्यांत आणि झरपट व इरई नद्यांच्या काठावर. गडचिरोलीकडे जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला. जुलै २०२२ च्या पुरात रहमतनगर आणि बिनबा गेटकडच्या वस्त्यांत इरईचे पाणी शिरले होते. पुराची कारणे अनेक असतात, हे खरे. पण पाण्याची वाट अडवणारा मलबा आपणच टाकायचा आणि मग पुराला दोष द्यायचा, हे योग्य नाही.

आपल्या भागातील जुनी घरे अशी नव्हती. गडचिरोलीच्या गावात माती, बांबू, सागवान आणि कवेलूचे घर उतरवले की माती शेतात जाई, फाटे व दारे दुसऱ्या घराला लागत, साबूत कवेलू गोठ्यावर चढत. घर 'पाडत' नसत, 'उतरवत' असत. सिमेंटचे घर आले, जेसीबी आला आणि ती सवय गेली.

कायद्याने याची दखल उशिरा घेतली. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केंद्राने प्रथम २०१६ मध्ये केले. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे करावेत, अशी त्यात तरतूद होती. वरचा हिशेब लावला तर एका दिवसात यंत्राने पाडलेले साधे घरही त्यात बसत होते! त्या जागी २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची थेट जबाबदारी टाकण्यात आली आहे. मोठ्या ठेकेदाराला आता मलबा घेणारा माणूस लागणार. तो माणूस आपल्यातला का असू नये?

हे स्वप्नरंजन नव्हे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख पाहा. एके काळी ती निव्वळ डोकेदुखी होती. सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्राने वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांना राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढत गेले. आज राखेच्या विटा सर्वत्र दिसतात आणि सिमेंटमध्येही राख जाते. मलब्याचेही तसेच आहे. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून मलबा दळून गिट्टी, वाळू व फरसबंदीचे ठोकळे करण्याचे काम सुरू झाले. आयएस ३८३ या भारतीय मानकानेही २०१६ पासून काँक्रीट फोडून केलेल्या गिट्टीला मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि एम-१५ च्या खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. स्लॅबसाठी मात्र अंदाज चालवू नये, अभियंत्याला विचारावे.

मोठे यंत्र घेणे सर्वांना जमणार नाही. पण वेगळे करणे सर्वांना जमते, आणि किंमत तेथेच ठरते. भावाचे घर काढताना आम्ही त्या मिस्त्रींच्या सल्ल्याने क्रम बदलला. आधी दारे-खिडक्या, मग कवेलू व फाटे, नंतर विटा हाताने, काँक्रीट शेवटी. दिवस जास्त लागले, मजुरीही वाढली. पण साबूत विटांची आवारभिंत झाली, रोडे जोत्याच्या भरतीत गेले, सळई भंगारवाल्याने नेली, आणि बाहेर फक्त दोन ट्रॉल्या गेल्या. त्या कोठे रिकाम्या होतात ते या वेळी आम्ही स्वतः जाऊन पाहिले.

तीन गोष्टी कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जुने सागवान विकण्याआधी किंवा गाडीत घालण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी आणि पाडण्यापूर्वीचे घराचे फोटो व कर-पावती जवळ ठेवावी. आपल्या जंगलाच्या जिल्ह्यांत लाकडावर नजर असते. दुसरी, सिमेंटचे जुने पत्रे फोडू नयेत. त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ कर्करोगाला कारण होते. ते भिजवून अखंड उतरवावेत आणि भरतीत कधीही घालू नयेत. तिसरी, काँक्रीट व फरशी कापताना पाणी मारावे. त्या धुळीने फुफ्फुसाचा सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आम्ही दुपट्टे विकतो, तरी सांगतो: तोंडाला बांधलेला दुपट्टा ही बारीक धूळ अडवीत नाही. त्यासाठी धुळीचा खास मास्कच हवा.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी दुकान किंवा घर काढण्याचा ठोक ठेका देताना दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात: माल वेगळा करून ठेवावा, आणि उरलेली ट्रॉली कोठे जाणार ते आधी सांगावे. आम्ही त्या दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. त्याची किंमत भिजलेल्या गठ्ठ्यांत मोजावी लागली.