पलीकडच्या काठावरचा दोर

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात नाल्याला पूर येण्यासाठी गावात पाऊस पडावाच लागतो असे नाही. मुरूमगावच्या अंगाला, छत्तीसगडच्या सीमेकडच्या डोंगरांत तासभर झोडपून काढले की पाणी उतरू लागते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला रपटा दुपारी छातीएवढ्या गढूळ पाण्याखाली असतो. पलीकडे गेलेला माणूस मग पलीकडेच राहतो. कधी तो शाळेवर निघालेला शिक्षक असतो, कधी लसीची पेटी घेतलेली आरोग्यसेविका, कधी रोवणीला किंवा जंगलात सात्या (रानअळिंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) आणायला गेलेली बाई.

सह्याद्रीत हाच प्रसंग बहुधा शनिवार-रविवारी, पर्यटकांवर येतो. 7 जुलै 2018 रोजी वसईजवळच्या चिंचोटी धबधब्यावर शंभराहून अधिक माणसे अडकली आणि एकाचा जीव गेला. 18 जुलै 2021 रोजी खारघरच्या डोंगरावर नाला फुगला. अग्निशमन दलाने तिथून 116 जणांना बाहेर काढले, त्यांत 78 स्त्रिया आणि 5 मुले होती. 7 ऑगस्ट 2022 रोजी त्र्यंबकेश्वरजवळ दुगारवाडीला 23 जण अडकले. त्यांतल्या 22 जणांना अंधारात, पावसात सुखरूप आणले, एक जण वाहून गेला. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली धबधब्यावर 7 जुलै 2024 रोजी दीडशेच्या आसपास पर्यटक असेच पलीकडे राहिले होते.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत किती वाचले, किती गेले हे असते आणि शेवटी ‘बचाव पथकाने सुटका केली’ एवढे एक वाक्य. त्या वाक्यात किती हात, किती सराव आणि किती रात्री असतात, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी आधी दोर समजून घ्यावा लागतो.

बचावाचा दोर दोन थरांचा असतो. आत नायलॉनच्या तंतूंचा गाभा, बाहेर घट्ट विणलेले कवच. भार गाभा पेलतो, खडकाचे घासणे कवच सोसते. कडा चढणाऱ्याला ताणला जाणारा दोर लागतो, कारण पडल्यावर बसणारा हिसका दोरानेच गिळायचा असतो. माणसे पुरापार आणायला मात्र कमी ताणणारा, स्थिर दोर हवा. अकरा मिलिमीटरचा असा दोर सुमारे तीन टनांची ओढ सोसतो. पण नायलॉन पाण्यात बुडतो. म्हणून वाहत्या माणसाकडे फेकायला पॉलिप्रॉपिलीनचा तरंगणारा दोर वेगळा ठेवतात. तो वीसएक मीटरचा, पिशवीत सैल भरलेला असतो. मोकळे टोक हातात धरून पिशवी भिरकावली की दोर आपोआप सुटत जातो. वर्षभर सराव केलेला हात ती पिशवी बुडणाऱ्याच्या खांद्यापलीकडे टाकतो. सराव नसलेल्याची ती दोन हात अलीकडेच पडते, आणि दुसरी संधी मिळेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो.

आपण ज्याला ‘फार नाही, गुडघ्याएवढेच’ म्हणतो त्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पंधरा सेंटीमीटर वेगवान पाणी उभ्या माणसाचे पाय उचलते आणि साठ सेंटीमीटरमध्ये बहुतेक मोटारी वाहून जातात. म्हणून पाण्यात उतरणे हा पथकाचा शेवटचा उपाय असतो. आधी हाक मारून धीर द्यायचा, मग बांबू किंवा काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा, मग होडी. यातले काहीच जमले नाही तरच माणूस पाण्यात जातो, आणि तेव्हाही दोर कमरेला गाठ मारून बांधत नाहीत. गाठीने जखडलेल्याला प्रवाह खाली दाबून धरतो. म्हणून पाण्यात उतरणाऱ्याच्या जॅकेटवरचा पट्टा एका ओढीत सुटणारा असतो.

दोर नाल्यावर काटकोनात ताणत नाहीत, तिरका ताणतात. ज्या काठाला माणूस आणायचा तिकडचे टोक प्रवाहाच्या खालच्या दिशेला ठेवले की पाणीच माणसाला त्या काठाकडे ढकलते. काटकोनातला दोर मध्ये वाकतो आणि माणूस त्या खोबणीत अडकतो. दोर पाण्याच्या वरून नेऊन माणसे लटकवत आणायची असतील तर त्याला थोडा झोळ ठेवावा लागतो. जवळजवळ आडव्या ताणलेल्या दोरावर मधोमध ऐंशी किलोचा माणूस आला आणि दोर दोन्हीकडे पाचच अंश झुकला, तर प्रत्येक टोकाच्या झाडावर साडेचारशे किलोंहून अधिक ओढ येते. म्हणून झाड निवडणे आले. काठाची माती आतून धुपली आहे का, मुळे उघडी पडली आहेत का, हे शहरातून आलेल्या प्रशिक्षित माणसाच्या आधी गावातला माणूस सांगू शकतो. वरच्या अंगाला एक जण ओंडके येतात का ते बघत उभा असतो. खालच्या अंगाला दोन जण फेकदोर घेऊन तयार असतात. छायाचित्रात दिसतो तो मात्र मधला एकटाच.

कधी कधी सर्वांत कठीण काम असते काहीच न करणे. लहान पाणलोटाचा पूर बहुधा काही तासांत उतरतो. अडकलेली माणसे उंच, सुरक्षित जागी असतील तर त्यांना आहे तिथेच थांबवायचे, हाका देत राहायचे, जमल्यास पांघरूण आणि खाणे पोचवायचे. काठावर नातलग रडत असताना, अधिकाऱ्यांचे फोन येत असताना ‘आता नाही, पाणी उतरू द्या’ म्हणणाऱ्या पथकप्रमुखाचे आभार कोणी मानत नाही. मला तर तोच सर्वांत मोठ्या आभारांचा धनी वाटतो.

सह्याद्रीत हे काम अनेकदा गिर्यारोहकांच्या संस्था करतात: लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे ट्रेकर्स, नाशिकचे क्लाइंबर्स अँड रेस्क्युअर्स. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभे राहिले. 7620230231 या क्रमांकावर फोन आला की जवळची संस्था कोणती आणि वाट कोणती हे तिथून जुळवले जाते. हे लोक पगारी नाहीत. कोणी दुकान बंद करून येतो, कोणी रात्रपाळी उरकून. दोर, कप्पी, हार्नेस यांचा खर्च वर्गणीतून आणि देणग्यांतून निघतो. दोराला वयही असते. मोठा हिसका बसलेला दोर वरून धडधाकट दिसला तरी बाद करावा लागतो. पैसे नाहीत म्हणून तोच पुन्हा वापरायची पाळी कुठल्याही पथकावर येऊ नये.

या कामात वाचवणाऱ्याचाही जीव जातो. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या रात्री मदतीला डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 2018 साली बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अचानक आलेल्या पाण्याने कोंडले गेले. तेव्हा गुहेत हवेच्या टाक्या पोचवून परतताना समन कुनान हा माजी नौसैनिक मरण पावला. सुटलेल्यांपैकी अकरा मुलांनी पुढे त्याच्या स्मरणार्थ काही दिवस श्रामणेर दीक्षा घेतली. त्याच मोहिमेत पाणी उपसण्याच्या कामावर किर्लोस्करवाडीचे अभियंता प्रसाद कुलकर्णी होते. उपसलेले पाणी ज्यांच्या भातशेतात शिरले त्या थाई शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी भरपाई नाकारली. कृतज्ञतेचे याहून खरे रूप मला माहीत नाही, कारण त्या शेतकऱ्यांना कोणी वाचवले नव्हते. वाचवणाऱ्यांच्या कामात त्यांनी आपला वाटा घातला होता.

आमच्याकडे, चंद्रपूर-गडचिरोलीत, गिर्यारोहकांच्या अशा संस्थांचे जाळे नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपूरला असते, दुसरी धुळ्याला. पुराच्या दिवसांत जवान रबरी बोटी घेऊन गडचिरोलीत येतात. पण भामरागडला पर्लकोटा नदी चढली की शंभराहून अधिक गावे तुटतात आणि बोट एकाच वेळी सगळीकडे पोचत नाही. 2024 च्या जुलैत भामरागड तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करवला. जेसीबी नसतो तेव्हा खाटेची कावड होते आणि चार जण छातीभर पाण्यातून ती खांद्यावर नेतात. त्यांच्याकडे जॅकेट नसते, फेकदोर नसतो, खालच्या अंगाला कोणी उभे नसते. वाट मात्र त्यांना ठाऊक असते: कुठे खडक आहे, कुठे डोह आहे, पाणी चढते आहे की उतरते आहे. या चौघांना अजून कोणत्याही यादीत बचाव पथक म्हटलेले नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावच्या स्वयंसेवकाला बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा मिळाला. धानोऱ्यात ज्या ज्या गावाच्या वाटेवर रपटा किंवा ठेंगणा पूल आहे, तिथल्या कावड उचलणाऱ्या पोरांची नावे अशा स्वयंसेवकांच्या यादीत आधी यायला हवीत. गावामागे दोन फेकदोर, चार जॅकेटे, दोन लांब बांबू आणि पुलाच्या कठड्यावर रंगवलेली पाण्याची खूण, एवढ्यावर सुरुवात होते. सराव तलावात उन्हाळ्यातच व्हावा, रोवणी सुरू होण्याआधी, पोरे गावात मोकळी असतात तेव्हा.