पाण्याचा दिवस आणि रूमवरची पोरं

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या आसपास रूम करून राहणारी पोरं ही काही आजची गोष्ट नाही. किलेअर्कचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय 1923 चं. तेव्हा ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. 1956 मध्ये पाणचक्कीजवळ वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, सुरू झाली आणि 23 ऑगस्ट 1958 ला नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. बीड, जालना, परभणीकडच्या खेड्यातून आलेल्या मुलाला या तिन्ही ठिकाणी जायला शहागंज सोयीचं. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती भाजीपासून जुन्या कपड्यांपर्यंत सगळं परवडेल अशा भावात मिळतं. मकई दरवाजा ओलांडून बेगमपुऱ्यातून गेलं की विद्यापीठ येतं.

मुलाला शिकायला बोलवायचं तर आधी त्याच्या राहण्याची सोय हवी, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. कॉलेजच्या परिसरात, नागसेनवनात, वर्गांच्या जोडीनं वसतिगृहंही उभी राहिली, आणि त्या वातावरणातून 1967 मध्ये 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. विद्यापीठ वाढत गेलं, संलग्न कॉलेजं वाढली, पण वसतिगृहं त्या वेगानं वाढली नाहीत. उरलेल्या मुलांचा भार गल्ल्यांनी उचलला. त्याबद्दल या गल्ल्यांचे आभार कुणी मानल्याचं मला आठवत नाही; तक्रारी मात्र दोन्ही बाजूंच्या भरपूर आहेत.

पोरं रात्री जागतात, जिन्यात गाड्या लावतात, मित्र गोळा करतात, असं शेजारी म्हणतात. मालक ऊठसूट बोलतात, पाहुणा आला तरी हिशोब विचारतात, असं पोरं म्हणतात. पण या भांडणांच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा पाणी निघतं.

या शहराला पैठणजवळच्या जायकवाडीतून पाणी येतं आणि ते वर्षानुवर्षं रोज मिळत नाही. भागाप्रमाणे चार दिवसांआड, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांआडही नळ येतो. सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून नहर आणून ज्या शहराला पाणी पाजलं, त्याच शहराची नवी योजना 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेली, तरी घरोघरचे ड्रम हटले नाहीत. एका जुन्या वाड्यातला पाण्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. खालच्या मजल्यावर मालकीणबाई, वर दोन खोल्यांत सहा मुलं. नळाला धार आली की आधी घरातला हौद, मग पिंप, मग कळश्या. बाई मोटर लावतात, तसा शेजारच्या घरातला नळ सुकतो आणि भिंतीपलीकडून आवाज येतो. मुलांचा नंबर लागेपर्यंत धार बारीक झालेली असते. आता आठवडाभर सहा जणांची अंघोळ आणि कपडे दोनशे लिटरच्या एका ड्रमवर. पाचव्या दिवशी वरचा ड्रम रिकामा होतो आणि खालच्या हौदात दोन बादल्या कमी भरतात. 'पोरांनी उपसलं' हा आरोप तिथे जन्मतो. खरं तर दोघंही तहानलेलेच असतात. मग राग रात्रीच्या गाण्यावर निघतो, चपलांवर निघतो, जिन्यातल्या गाडीवर निघतो.

दुसरं कारण भाड्याचं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. आपल्यासारख्या विभागीय शहरासाठी तिची ठरलेली वार्षिक रक्कम 51,000 रुपये. त्यात राहण्याचा वाटा 15,000, म्हणजे महिन्याला 1,250. त्यात स्वतंत्र खोली कुठून मिळणार? म्हणून तिघांच्या खोलीत सहा जण राहतात, आणि गर्दीचा त्रास शेजाऱ्याला होतो. शिवाय हप्ते उशिरा येतात, अशी विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे. घरमालकाला भाडं पाच तारखेच्या आत लागतं. त्याचंही घर त्यावर चालतं, त्याला दोष कसा द्यायचा?

तिसऱ्या कारणाबद्दल मात्र मी इतका समजूतदार राहू शकत नाही. खोली बघायला गेलेल्या मुलाला गाव विचारतात, मग आडनाव, मग 'कोणत्या समाजाचे?' मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचं नाव आहे आणि त्याच्याच विद्यार्थ्याला आडनाव ऐकून 'खोली लागली' म्हणतात, ही लाजेची गोष्ट आहे. मुस्लीम मुलांना एका भागात आणि हिंदू मुलांना दुसऱ्या भागात हेच ऐकावं लागतं. मे 2018 मध्ये मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज परिसरात दंगल होऊन दोन जीव गेले, दुकानं जळाली. अशा दंगलीनंतर आपापल्या लोकांतच राहावं असं मुलांनाही वाटू लागतं, आणि घरमालकांनाही.

भाड्याच्या आणि पाण्याच्या भांडणात मात्र कायद्यातलं एक कलम उपयोगाचं आहे. 'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?' असं सर्रास म्हणतात, ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखी करार नसेल तर अटींबाबत, उलट काही सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हा कागद दोघांच्याही हिताचा आहे.

विद्यापीठानं वसतिगृहं वाढवावीत, सरकारनं स्वाधारचे हप्ते सत्राच्या सुरुवातीला द्यावेत आणि महापालिकेनं पाणी द्यावं. ही मागणी रेटायलाच हवी. पण यंदा ज्यांच्या घरात खोली रिकामी आहे त्यांनी एवढं करावं: आडनाव विचारू नका, करार नोंदवा, आणि त्या करारातच लिहा की पाण्याच्या दिवशी वरच्या खोल्यांना किती वेळ नळ मिळेल, किती माणसं राहतील आणि टँकरचे पैसे कोण किती देईल.