साठी आली, काठी गेली!

माहीत आहे का, नव्वदीतही मसल्स कमावता येतात? नव्वदीत, बरं का! एकोणीस-वीसची पोरं जिममध्ये करतात तेच, पण नातवंडा-पतवंडांच्या आजी-आजोबांनी!

बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका केंद्रात डॉ. मारिया फियाटारोन यांनी हे करून दाखवलं. दहा जणांची बॅच, सरासरी वय ९०. व्यायाम एकच: खुर्चीत बसायचं, पायाला वजन, गुडघ्यातून पाय सरळ करायचा आणि सावकाश खाली आणायचा. वजनही लुटुपुटूचं नाही, प्रत्येकाला झेपेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत! आठवड्यातून तीनदा, असे आठ आठवडे. १९९० मध्ये रिझल्ट छापून आला आणि डॉक्टर मंडळी चाटच पडली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. आणि दोघांनी चक्क काठी सोडली! माझ्या मते या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात भारी बातमी आहे.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच बसतं हो!’ हे वाक्य किती वेळा ऐकलंय? आता नवं ऐका. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांची मोजणी झाली. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत! निकाल काय? शरीराचा आकार हिशेबात धरला, तर विशीपासून साठीपर्यंत मेटाबॉलिझम जवळपास जैसे थे. म्हणजे आरोपी निर्दोष सुटला. आता सोफ्याची चौकशी लावा.

बसमध्ये सीट मिळाली नाही म्हणून कुरकुरताय? थांबा, थांबा! १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबल डेकरवाल्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमधले, एकाच थरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली, वर-खाली. ड्युटी संपेपर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या! हार्ट अटॅक कुणाला जास्त? ड्रायव्हरला. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत पक्कं झालं ते तिकिटाच्या पेटीमुळे, हे मला फारच आवडतं. (आपल्या बेस्टच्या डबल डेकरला मात्र वर एक, खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, त्यामुळे जिन्याचा फायदा हुकला!) आणि मॉरिससाहेब? स्वतः नेमाने पळायचे, पोहायचे. ९९ वर्षं जगले.

दिवसाला दहा हजार पावलं हे कुठल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, माहीत आहे का? कुणाचंच नाही! टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, तेव्हाचा हा गोल गरगरीत आकडा. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन महिलांची पावलं मोजली, तर रोज ४,४०० पावलांच्या आसपासच फायदा ठळक दिसू लागला. साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नव्हता. हुश्श!

आता मोबाइल ठेवा बाजूला. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ अराउजो यांची टेस्ट करू या. जमिनीवर मांडी घालून बसा आणि उठा. बसण्याचे ५ मार्क, उठण्याचे ५. हात टेकला, एक मार्क कट. गुडघा टेकला, अजून एक कट. तोल डगमगला, अर्धा गेला. २०१२ मध्ये त्यांना दिसलं की ५१ ते ८० या वयात जेवढे मार्क जास्त, तेवढी पुढल्या वर्षांत जगण्याची शक्यता जास्त. पंगतीत पाटावर बसून जेवलेल्या पिढीला निम्मा पेपर आधीच फुटलेला! (गुडघे कुरकुरत असतील, तर शेजारी कुणाला तरी उभं करा.)

साठी बुद्धी नाठी? म्हण बदला राव! २०११ च्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या मंडळींना आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालवलं. वर्षभरात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीचं ठाणं, सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचं मात्र थोडं आक्रसलं.

शूजचं बजेट नाही? बारामतीच्या लता करे यांना सलाम ठोका. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या! पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळवला.

ग्राउंड लांब आहे? कॅनडाचे एड व्हिटलॉक घराजवळच्या कब्रस्तानात तासन्‌तास फेऱ्या मारायचे. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत मारली.

आणि फ्रान्सचे रोबेर मारशाँ? २०१७ मध्ये एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल. वय फक्त १०५! त्याआधी, १०१ ते १०३ या वयात ट्रेनिंग करून त्यांनी आपली ऑक्सिजन घेण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढवली होती.

मास्टर्स अॅथलेटिक्समध्ये वाढदिवसाची चातकासारखी वाट बघतात, माहीत आहे का? गट पाच-पाच वर्षांचे, सुरुवात पस्तिशीपासून. ५९ वर्षांचा धावपटू आपल्या गटात ‘थोरला’, पण साठावा केक कापला की नव्या गटात एकदम ‘बच्चा’!

गट बदलत बदलत कुठवर जायचं? पंजाबच्या मान कौर यांना विचारायला हवं होतं. मुलाने आग्रह केला म्हणून ९३ व्या वर्षी त्या पहिल्यांदा ट्रॅकवर उतरल्या. २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०० मीटरच्या स्टार्टिंग लाइनवर उभ्या, वय १०१. त्यांच्या गटात दुसरं कुणी नव्हतंच! तरी आजी जीव तोडून पळाल्या. वेळ ७४ सेकंद, गोल्ड मेडल!