चांगल्या उपचारांना जादा पैसे मिळतात का?

उपचारांचा हिशेब : भाग 7

सरकारी योजनेचा पैसा खासगी नर्सिंग होमपर्यंत कसा पोचतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्यापुढचा प्रश्न : तो मिळवायला चांगले उपचार करावे लागतात का?

मोफत उपचारांची ही जीवनदायी योजना नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर लागू झाली, तेव्हा बोईसर-तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं. तो भाग आता ज्यात आहे तो पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. पुढे योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, पॅकेजची, म्हणजे प्रत्येक उपचाराला ठरलेल्या दराची, पद्धत तीच राहिली. रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड दाखवायचं, कागद ऑनलाइन चढतात, मंजुरी येते, डिस्चार्जनंतर रुग्णालय दावा लावतं. एक्स-रे, फोटो, डिस्चार्ज कार्ड नीट असलं की पैसे सुटतात. पण रात्री दोन वाजता सलाईन संपलं तेव्हा वॉर्डात शिकलेली सिस्टर होती की एकटी मावशी? नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देऊन इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं का? टाके पिकून पेशंट पंधरा दिवसांत परत आला का? एवढ्या कागदांवरून यातलं काही कळत नाही.

आयुष्मान भारत योजनेने 2018 मध्ये एनएबीएच या रुग्णालय मानांकन मंडळाचं पूर्ण मानांकन असलेल्या रुग्णालयांना पॅकेजवर 15 टक्के, प्राथमिक मानांकनाला 10 टक्के जादा दर ठेवला. पण बोईसरच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला मानांकनाची कागदपत्रं सांभाळायला वेगळा माणूस कुठून परवडणार? सरकारी दवाखान्यांची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं मला जास्त पटतात. त्यांचं प्रमाणपत्र मिळालेल्या जिल्हा रुग्णालयाला खाटेमागे वर्षाला 10,000 रुपये मिळतात आणि त्यातला पाव हिस्सा कर्मचाऱ्यांना देता येतो. रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरपर्यंत पैसा पोचायलाच हवा.

मग सरळ पेशंट किती बरे झाले त्यावर पैसे द्यावेत? इथे फार जपून पाऊल टाकायला हवं. एमआयडीसीतल्या स्फोटात भाजलेला कामगार, जव्हार-मोखाड्याहून आलेली सर्पदंशाची केस, रक्त अगदी कमी असलेली बाळंतीण, यांच्यात मृत्यूचा धोका मुळातच जास्त. मृत्यूंवरून पैसे कापले, तर दारातूनच ‘पुढे न्या’ म्हटलं जाईल. पुढे म्हणजे वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबई, महामार्गावर तासन्‌तास. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना वृद्धांच्या शुश्रूषागृहांच्या देयकातले 2 टक्के 2018 पासून राखून ठेवते आणि त्यातला काही भाग परत करते; सुरुवातीची काही वर्षं तो पेशंट पुन्हा रुग्णालयात जाण्याच्या प्रमाणावरूनच ठरायचा. तिथेही गरीब पेशंट सांभाळणाऱ्या संस्थांना फटका बसला.

म्हणून गंभीर पेशंट घेणाऱ्याला दर वाढवून द्यावा. आणि रात्रीची सिस्टर नसेल, पेशंटकडून रोख पैसे उकळले असतील, तर मात्र बिनदिक्कत कापावा. डिस्चार्जनंतर महिन्याभराने घरी एक फोन करून हे विचारता येतं. वारली बोलणाऱ्या घरात तो फोन वारलीतूनच जायला हवा.

(पुढील भागात : तारापूरच्या कामगारांच्या पगारातून कापला जाणारा ईएसआयचा पाऊण टक्का)